खरबरीत बाजू वर

४ नोव्हेंबर

स्वस्ति श्री. सकलवधूवरहितैषी, अक्षतावृष्टिसाक्षी, बुंदीपाकपरीक्षक, मंडपस्तंभप्रतिष्ठापक, विस्मृतपादत्राणविश्वस्त, संस्कृत भाषेचे (विद्यार्थ्यांच्या संपूर्ण अभावामुळे) स्वेच्छानिवृत्त अध्यापक, कडेगावस्थित ‘ऋणानुबंध मंगल कार्यालया’चे संस्थापक, संचालक, व्यवस्थापक आणि झाडणारी न आल्यास संमार्जक, राजमान्य राजेश्री आप्पासो बिरा लवटे यांनी आज, चहा निवून गेलेला असताना, प्रस्तुत दैनंदिनीचा शुभारंभ केला. वही गतवर्षीची आहे. एका सिमेंट विक्रेत्याने दिलेली, कोरी राहिलेली. छापील वार खोडून वापरावी लागेल. परंतु जुन्या वस्तूंचा पुनर्वापर हाच आगामी काळातील माझा पुरुषार्थ असल्यामुळे ते औचित्याला धरूनच होईल.

निमित्त असे. काल कार्यालयात साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका लेखापालांचा सत्कार होता. शेवटचे भाषण सुरू झाले तेव्हा पाऊस आला आणि भाषण संपण्यापूर्वी तो थकून निघूनही गेला. पाहुण्यांची वाहने शेजारच्या मोकळ्या रानात, म्हणजे माझ्या मालकीच्या कसदार काळ्या मातीत उभी होती. ती तशीच उभी राहिली. सत्कारमूर्ती डोक्यावर फेटा आणि गळ्यात हार अशा वैभवात स्वतःच्या गाडीला मागून ढकलत होते आणि चाकाने उधळलेला चिखल नव्या शालीवर झेलत होते. दूरदृष्टीच्या लोकांनी गाड्या आधीच डांबरी रस्त्यावर लावल्या होत्या. त्यामुळे उसाचे ट्रॅक्टर अडले आणि हवालदार आले.

“मास्तर, आज सोडलं,” ते म्हणाले. “लगीनसराईत ह्ये चालायचं न्हाई. पुढल्या बारीला नवरदेवालाच उचलून ठाण्यात न्हीन.”

तुळशीचे लग्न लागले की हंगाम सुरू. पलीकडच्या लॉन्सवाल्याने वाहनतळाचा फलक कार्यालयाच्या नावापेक्षा मोठा लावला आहे. लोक हल्ली वधूपेक्षा गाडीची सोय आधी पाहतात. वाहनतळ झाला नाही, तर यंदा ‘ऋणानुबंधा’त फक्त कबुतरांची लग्ने लागतील.

७ नोव्हेंबर

काँक्रीटच्या कंत्राटदाराने सांगितलेला आकडा ऐकून, आपण चुकून विमानतळाची चौकशी केली की काय, अशी शंका आली.

म्हणून विटा रस्त्यावरील मोहिद्दीनच्या वखारीत गेलो. पाडलेल्या घरांचे दरवाजे, खिडक्या, पत्रे, फरशा, उखडलेले पेव्हिंग ब्लॉक असा जगाने टाकून दिलेला सारा संसार तिथे ओळीने मांडलेला असतो. मोहिद्दीन माझा वर्गमित्र. दहावीत संस्कृतात माझा पहिला क्रमांक आला, कारण वर्गात दुसरा विद्यार्थी तोच होता आणि संस्कृताच्या तासाला झोप उत्तम लागते म्हणून त्याने तो विषय घेतला होता.

मी त्याला वाहनतळाची संकल्पना सविस्तर विशद केली.

“म्हंजी गाड्या लावायला जागा पायजे,” तो म्हणाला.

“स्थूलमानाने तसे.”

“मग तसं म्हण की गड्या. मला वाटलं मठ बांधतोयस.”

खाली मुरूम, त्यावर दगडाची बारीक कच, धुम्मसाने ठोकून घट्ट बसवायची आणि वर जुना माल. सांध्यात सिमेंट भरायचे नाही, म्हणजे पाणी जिरेल. बसवण्याचे काम त्याची माणसे करतील आणि तो स्वतः उभा राहील. बाजूच्या पट्ट्यांना पेट्रोल पंपावरून निघालेले ब्लॉक आहेत. मधल्या भागाला जाड फरशी हवी. ती सध्या नाही.

“ईल,” तो म्हणाला. “कुणीतरी कायतरी पाडतंच की.”

१४ नोव्हेंबर

फरशी आली. तिच्यासमवेत तत्त्वज्ञानही आले.

आमच्या हिंगणवाडीत बिरोबाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. जुनी दगडी फरशी काढून गुळगुळीत ग्रॅनाइट बसवले. निघालेली फरशी मोहिद्दीनच्या वखारीत येऊन पडली आहे. हातभर रुंद, जाड, घडीव दगड. एक बाजू पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी तुळतुळीत झालेली, दुसरी छिन्नीने सोडली तशी खरबरीत. आणि बहुतेक प्रत्येक दगडाच्या तुळतुळीत बाजूवर नाव. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.’

रीत जुनी आहे. घरातले माणूस गेले की देवळात त्याच्या नावाची फरशी द्यायची. येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ त्या नावावर पडते आणि मृतात्म्याला पुण्य लागते. आमच्या तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाची फरशी मीच दिली होती. अक्षरे कोरून घेताना कारागिराच्या शुद्धलेखनावर मी अर्धा दिवस लक्ष ठेवले होते.

मोहिद्दीन आज नेहमीसारखा बोलत नव्हता. दगडावर बसला होता, पण नावाच्या बाजूला पाय लागू नये अशा बेताने.

“मास्तर, ह्यो माल दुसऱ्या कुणाला दाखवलेला न्हाई. तुझ्या गावचा हाय म्हणून तुला इचारतो. गावात एकदा कानावर घाल, मग ने.”

“देवळानेच टाकलेली वस्तू आहे. परवानगी कोणाची मागायची? ग्रॅनाइटची?”

“दगड टाकला रं. नावं कुठं टाकल्यात?”

येथे मला माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम कल्पनांपैकी एक सुचली. नाव खाली, खरबरीत बाजू वर. टायरला पकड मिळेल, पावसात गाडी घसरणार नाही आणि नावे मातीच्या कुशीत सुरक्षित राहतील. देवळात त्यांच्यावर पाय पडत होते, तेही थांबेल. हा उलट सन्मानच.

“तुझं संस्कृत लय भारी हाय बघ,” मोहिद्दीन म्हणाला. “पण गावाला इचार.”

गावाला विचारणे म्हणजे नकाराला निमंत्रणपत्रिका पाठवणे. मी विचारले नाही. धनाजीला मात्र विचारले. धनाजी माझा मेहुणा, माझी पत्नी शालन हिचा धाकटा भाऊ आणि देवस्थान समितीचा सचिव. माल त्यानेच विकला आणि त्याच्याच टेम्पोतून आला. त्याने मला बाजूला घेतले.

“दाजी, न्या बिनघोर. फकस्त कुठं बोलू नगा. गावाला म्या सांगितलंय, जुन्या फरशा मानानं नव्या फरशीच्या पायात पुरल्या.”

“परंतु पुरल्या नाहीत.”

“आता तुमी पुरताय की.”

तर्कदृष्ट्या यात दोष काढता येईना.

२१ नोव्हेंबर

काम वेगात. धुम्मसाचा आवाज दिवसभर. प्रत्येक दगड खाली टेकला की मोहिद्दीन त्यावर उभा राहून एकदा या टाचेवर, एकदा त्या टाचेवर भार देतो. किंचित जरी डुगडुगला तरी उचलायला लावतो आणि खाली मूठभर कच सारतो. मी म्हटले, “वाहनांसाठी आहे, नर्तिकेसाठी नाही.” तो म्हणाला, “डुगडुगता दगड म्हंजी खोटं बोलणारा माणूस. आज चालतंय, उद्या पाय मोडतोय.” सुभाषिते निर्माण करण्याचा अधिकार या गावात आजवर फक्त मला होता.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर पहारीने दगड उलथून तात्यांची फरशी शोधली. ‘कै. बिरा तात्या लवटे’ कुठे दिसले नाहीत. धनाजीच्या घरी धुण्याचा दगड झाले असावेत. तात्यांना पाण्याची आवड होतीच. मोहिद्दीनला विचारावे असे वाटले होते. परंतु मग शोधत होतो हे कबूल करावे लागले असते.

संध्याकाळी त्याच्या मुलीच्या, झोयाच्या निकाहाची तारीख पक्की केली. सव्वीस जानेवारी. आमच्याकडे पौषात मुहूर्त नसतात आणि कार्यालय रिकामे असते. “तुझा वाहनतळ, तुझ्या लेकीचे लग्न, कार्यालय माझ्याकडून,” मी म्हणालो.  तो मुकादमाला उगाच शिव्या देत सुटला. हा मनुष्य गहिवरला की शिव्या देतो, हे मला शाळेपासून ठाऊक आहे.

३ डिसेंबर

वाहनतळ सिद्ध झाला. अवकाळीची एक सर येऊन गेली. पाणी सांध्यांतून जिरले, चिखल शून्य. हवालदार स्वतः येऊन दुचाकी उभी करून गेले. शालन म्हणाली, “आवं, पहिल्यांदाच तुमच्या डोक्यातनं काय सुचलेलं उपयोगाला आलं.” हा अभिप्राय भिंतीवर लावण्यायोग्य आहे.

१२ डिसेंबर



आज मोठे लग्न होते. निम्मी हिंगणवाडी आली होती. रविराजही आला. हा आमच्या गावचा तरुण नेता. ज्या निवडणुका वर्षानुवर्षे होत नाहीत, त्यांतील भावी सदस्य म्हणून त्याचे फलक चौकाचौकांत आहेत. आला की प्रथम सर्वांनी त्याची गाडी पाहावी लागते. ती काळी आहे आणि तिच्यात एखादा वर्ग भरू शकेल.

निघताना त्याने ती जागच्या जागी गरकन वळवली. प्रवेशद्वाराजवळची फरशी एका अंगाने उचलली गेली, चाक खोबणीत गेले आणि फरशीचे दोन तुकडे झाले. वऱ्हाडी धावले. कोणी पहार आणली. तुकडे उलटे करून बाजूला ठेवले. मी मंडपातून पाहत होतो आणि मला पळता येत नव्हते.

एका तुकड्यावर ‘कै. रामा धुळा’ आणि दुसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’.

रामा धुळा हे रविराजचे आजोबा.

त्याने वाकून नाव वाचले. नंतर इतर फरशांकडे पाहिले, नंतर माझ्याकडे. मंडपात बँड सुरू होता. रविराज म्हणाला, “सर, ह्यो दगड तर देवळाच्या पायात हाय असं धनाजीअण्णा म्हणलेलं. मग माझ्या गाडीच्या चाकाखाली आज्जा कसा आला?”

मी म्हणालो, “चौकशी करतो.”

काय चौकशी करणार होतो, देव जाणे.

१३ डिसेंबर

दोन तुकड्यांचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप गटावर. खाली मजकूर: ‘देवाचा दगड भंगारात कुणी इकला?’ दुपारपर्यंत ‘कुणी’चे उत्तर लोकांनीच देऊन टाकले. वखार कुणाची, एवढाच पुरावा त्यांना पुरेसा होता. धनाजीचा फोन आला. “दाजी, तुमी काय बी बोलू नगा. म्या निस्तरतो.”

निस्तरतो म्हणजे काय, हे मी विचारले नाही.

१५ डिसेंबर

देवळात बैठक. नवे ग्रॅनाइट इतके गुळगुळीत आहे की मोजे घातलेला मनुष्य त्यावर सरळ उभा राहू शकत नाही. मी बसून राहिलो.

धनाजीने खणखणीत आवाजात सांगितले, की समितीने फरशा नव्या पायात पुरायला मोहिद्दीनकडे सोपवल्या होत्या आणि त्याने त्या परस्पर विकल्या.

मोहिद्दीन खांबाला टेकून उभा होता. आवाज चढवला नाही. “धनाजी, टेम्पो कुणाचा व्हता रं?”

“भाड्याचा. पुरायच्या जागी न्यायला सांगितलेला. तू वखारीत उतरवून घेतलास.”

“पुरायला दिल्या व्हत्या तर इकत घेतानं तुझ्या हातात पैकं कशाचं ठेवलं म्या? मयतीचं?”

गलका झाला. रविराजने हात वर करून सगळ्यांना गप्प केले. तेव्हा मोहिद्दीन म्हणाला, “माझं ऐकू नगा. मास्तरला इचारा. मास्तरला समदं म्हाईत हाय. म्या नगं म्हणलेलं बी म्हाईत हाय. मास्तर खोटं बोलायचा न्हाई.”

“बोला सर,” रविराज म्हणाला.

सगळे देऊळ माझ्याकडे पाहू लागले. बायकांमध्ये शालन बसली होती. एका बाजूला तिचा भाऊ, दुसऱ्या बाजूला मोहिद्दीन. खरे बोललो असतो तर धनाजीचे सचिवपद गेले असते, कदाचित गावही. हिंगणवाडीची एकूण एक लग्ने लॉन्सवाल्याकडे गेली असती आणि शालनचे माहेर मला कायमचे बंद झाले असते. मी उभा राहिलो, घसरलो, सावरलो आणि म्हणालो:

“प्रस्तुत प्रकरणी उभय पक्षांचा सद्भाव गृहीत धरून, वस्तुस्थितीचे साकल्याने अन्वेषण झाल्याविना कोणाही एका व्यक्तीवर दायित्व निश्चित करणे न्यायसंगत ठरणार नाही. तथापि, लोकभावना सर्वोपरि होत.”

 मग एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, “म्हंजी मास्तरला बी फसवलं.”

“तर वं,” धनाजी म्हणाला.

मोहिद्दीन माझ्याकडे पाहून हसला. वर्गात झोपेतून उठवल्यावर हसायचा तसा. “मास्तर,” तो म्हणाला, “मराठीत बोल की रं.”

माझ्याकडे उत्तर होते. परंतु तेवढ्यात चहा आला.

त्याला माफी मागायला सांगितली. त्याने पायरीला हात लावला, कपाळाला लावला आणि म्हणाला, “बिरोबाची मागतो. तुमची न्हाई.” चहा न घेता गेला.

मी असत्य असे एक अक्षरही उच्चारलेले नाही. हे येथे नोंदवून ठेवतो.

१६ डिसेंबर

शालनने भाकरी वाढली आणि म्हणाली, “माझ्या भावाला वाचवू नगा, असं म्या कशाला म्हणंन? पण येवढं अवघड कशाला बोलला? साधं गप बसायचं हुतं. त्यो समजून गेला असता.”

तेव्हापासून ती माझ्याशी फक्त भाज्यांविषयी बोलते.

२२ डिसेंबर

वखारीच्या जागेच्या मालकाने मोहिद्दीनला जागा सोडायला सांगितले. जुनी घरे पाडणारे आता त्याला माल देत नाहीत. ‘वाद नको’ म्हणतात. धनाजी आणि रविराज दोघेही माझ्याकडे येऊन गेले. आता दोघे एकाच गाडीतून फिरतात, तीच काळी. सव्वीस जानेवारीचे झोयाचे लग्न ‘ऋणानुबंधा’त नको, वातावरण गरम आहे, असे दोघांचे एकमत.

म्हणून मी स्वतः वखारीत गेलो. या प्रसंगी मित्राच्या हिताचा विचार करणारा कोणीतरी हवाच.

मोहिद्दीन ट्रकमध्ये खिडक्यांच्या चौकटी चढवत होता. “काय, तारीख बदलू म्हणायला आलास न्हवं?”

“तुझ्याच सुरक्षिततेच्या दृष्टीने...”

“बदलली. जागा बी बदलली. लगीन लोणंदला, मेव्हण्याच्या अंगणात. माल तिकडंच चाललाय, आमी बी तिकडंच.”

त्याची बायको खातूनबी चहा घेऊन आली. माझा नेहमीचाच, कान तुटलेला कप. म्हणाली, “भाऊजी, वैनीला पाठवा लग्नाला. तुमाला जमायचं न्हाई, ते आमाला म्हाईत हाय.” पत्रिका दिली नाही. मागणे मलाही प्रशस्त वाटले नाही.

निघताना मोहिद्दीनने दोन माणसांकडून माझ्या गाडीच्या डिकीत पोत्यात गुंडाळलेले काहीतरी ठेववले. गाडीचे मागचे अंग खाली बसले.

“तुझ्या तात्याचा दगड. पहिल्याच खेपंत बाजूला काढलेला. तुझ्या बाच्या नावावरनं गाड्या न्यायच्या म्हंजी मला बरं वाटंना. वाट बघत हुतो, तू इचारशील म्हणून.”

मी आभार मानले. बहुधा पुन्हा जरा अवघडच शब्दांत.

६ जानेवारी

समितीच्या निर्णयानुसार नावाच्या सर्व फरशा वाहनतळातून काढून कुंपणालगत रचल्या. कुटुंबीयांनी सन्मानपूर्वक घेऊन जाव्यात, अशी सूचना गटावर दिली. सूचनेखाली हात जोडल्याची चित्रे पुष्कळ आली. माणसे आली नाहीत. रविराज म्हणतो, गाडीत दगड टाकला तर सीटला ओरखडे पडतात.

आज एकच व्यक्ती आली. हरणाबाई, आमच्या भावकीतली म्हातारी. वडापच्या खच्चून भरलेल्या जीपने आली. ढिगात हिंडून नवऱ्याचे नाव बोटाने चाचपून ओळखले. तिला अक्षर येत नाही. खालच्या कोपऱ्यात टवका उडाला आहे म्हणाली. कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडून त्यावर वाहिली.

“आजी, गाडी बघू का न्यायला?”

“कुठं नेऊ आप्पा? देवळात त्येंनी काढून टाकला, घरी सुना ठिवू देत न्हाईत. र्‍हाऊ दे हितंच. जित्तेपणी देवळाची पायरी कवा चढला न्हाई त्यो, पण कुणाचं लगीन चुकवलं न्हाई. हितं बराय. उलटा घाला पर, उन्हानं तोंड भाजतंय.”

मग म्हणाली, “त्यो वखारवाला कुठं हाय? वखारीतनं दगड हलवायच्या आदी माझ्या दारात आलता. ‘आजी, धन्याचा दगड ठिवून घेतीस का?’ म्हणून इचारायला. घरोघर फिरला बिचारा. कुणी दाराबाहेर आलं न्हाई.”

म्हणजे गाव विचारले गेले होते. हा तपशील बैठकीत कोणाच्या स्मरणात आला नाही.

२८ जानेवारी

शालन तीन दिवस माहेरी जाऊन आली. पौष महिन्यात माहेरी काय काम होते, सांगितले नाही. दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी आहे. हिंगणवाडीत असली बारीक नक्षी काढणारे कोणी आहे, हे मला ठाऊक नव्हते. विचारल्यावर म्हणाली, “वांगी आणा बाजारातनं.”

धनाजी आज सहज म्हणाला, “ताई बऱ्याच दिसात आली न्हाई.” वय झाले की माणसांना दिवसांचा अंदाज राहत नाही. धनाजी अजून चाळिशीत आहे.

७ फेब्रुवारी

हंगामाचा दुसरा टप्पा तोंडावर आला आहे. वाहनतळाच्या मधोमध खड्डे, कुंपणाशी दगडांचा ढीग आणि दारात हवालदार. रविराज आला. त्याचे स्वतःचे लग्न ठरले आहे आणि ते ‘ऋणानुबंधा’तच करायचे म्हणतो.

“सर, ह्ये ढीग तेवढं हलवा. माझ्या पाव्हण्यांनी गाड्या कुठं लावायच्या?”

“कुठे हलवू? कोणी नेत नाही.”

तो ढिगाला वळसा घालून आला. “आधी हुतं तसंच करा की. पालथं. लोकं विसरल्यात.”

“आणि तुमचे आजोबा?”

“त्येचं दोन तुकडं झालं न्हवं? ते न्हाई बसायचं कुठं.” आणि गाडीत बसून गेला.

लोकभावना शांत झाल्या आहेत. एका नव्या कंत्राटदाराला बोलावले. त्याची पोरे कंपनयंत्र घेऊन आली आणि दिवसभरात सारे पुन्हा बसवून गेली. नाव खाली, खरबरीत बाजू वर. डुगडुगते का, हे टाच देऊन कोणी पाहिले नाही. पोरे म्हणाली, मशीन मारल्यावर बघायचं काय त्यात? हरणाबाईंच्या यजमानांचा दगड सावलीच्या बाजूला घ्यायला मी आवर्जून सांगितले होते. त्यांनी कुठे घेतला, कळले नाही. पालथा घातल्यावर सगळे सारखेच दिसतात.

शेवटी प्रवेशद्वाराशी एक जागा रिकामी राहिली. मोडलेल्या फरशीची उणीव. नव्या मापाचा दगड बसेना. डिकीत पोत्यात एक दगड नेमक्या मापाचा होता.

येथे काही विचार केला होता. तो आता आठवत नाही. पोरे थांबली होती आणि यंत्राचे भाडे चालू होते.

१६ फेब्रुवारी

रविराजचे लग्न निर्विघ्न पार पडले. रस्त्यावर एकही वाहन नव्हते. हवालदार पंगतीला बसले. धनाजीने व्यासपीठावरून कार्यालयाच्या व्यवस्थेचे जाहीर कौतुक केले. मला शाल मिळाली. ती मी कोणत्याही गाडीला न ढकलता घरी आणली.

फक्त प्रवेशद्वाराजवळची ती फरशी डुगडुगते. गाडी आत येताना ‘धडाक्’ आणि बाहेर जाताना पुन्हा ‘धडाक्’. मंगलाष्टकांच्या वेळी प्रत्येक ‘सावधान’ला कोणी ना कोणी उशिरा येत होते. लोक वळून पाहत होते. खाली जुन्या लग्नपत्रिका दुमडून सारल्या, दोन गाड्यांत त्यांचा लगदा झाला. मूठभर कच टाकून पाहिली, तर दुसरे टोक वर आले. कंत्राटदाराला फोन केला. म्हणतो, एका फरशीसाठी माणूस पाठवणे परवडत नाही, आणखी काही काम निघाले तर बघू. इस्लामपूरच्या एका कारागिराचा क्रमांक मिळाला, तो उचलत नाही. परवा पुन्हा साखरपुडा आहे, पंधरावीस गाड्या तरी येतील. शालनला विचारले, कच नेमकी कोणत्या बाजूने सारायची असते, तुला कधी कोणी दाखवले होते का? ती म्हणाली, ज्याला येतंय त्याला इचारा.

आत्ता पुन्हा वाजली. दूधवाला असावा. त्याला गाडी बाहेर लावायला किती वेळा सांगितले आहे.